‘मदर इंडिया’ची खर्चवही आणि मेहबूब खान

‘मदर इंडिया’ पाहिलेला नाही असं घर आपल्या समाजात क्वचितच सापडेल. नर्गिसची राधा, सुनील दत्तचा बिरजू, कन्हैयालालचा सुखीलाला सावकार आणि नौशाद साहेबांचं संगीत, हे सगळं आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात आजही येतं. मरहूम मेहबूब खान यांचं नाव त्यासोबत येतंच. पण हा चित्रपट ज्या पैशातून उभा राहिला, तो पैसा कुठून कुठे गेला, कोणाला किती मिळाला, याची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

पुरानंतर गाव सोडून निघालेल्या माणसांची ती लांबच लांब रांग आठवा. त्या दृश्यासाठी ३०० बैलगाड्या, २०० शेतकरी, शिवाय घोडे आणि नांगर असा सगळा पसारा लागला. पुराचं दृश्य घ्यायला एका शेतकऱ्याने आपल्या ५०० एकर जमिनीत पाणी सोडू दिलं. पुढे लोकांत अशी समजूत पसरली की मेहबूब खानांवरच्या प्रेमापोटी गावकऱ्यांनी हे सगळं फुकट दिलं. ऐकायला छान वाटतं. पण या चित्रपटावर पुस्तक लिहिणाऱ्या अभ्यासक गायत्री चटर्जी यांनी दाखवून दिलं की निर्मितीच्या खर्चवह्यांत वेगळीच नोंद आहे. गावकऱ्यांना त्यांच्या कामाचे पैसे दिले गेले होते.

आम्हाला ही नोंद त्या कौतुकाच्या कहाणीपेक्षा मोलाची वाटते. म्हणून मेहबूब खानांचं आयुष्य आज आम्ही पडद्याच्या बाजूने न सांगता खर्चवहीच्या बाजूने सांगतो आहोत.

वहीतल्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात

मेहबूब खान रमजान खान यांचा जन्म १९०७ सालचा, तेव्हाच्या बडोदा संस्थानातल्या बिलीमोऱ्याचा. घरची परिस्थिती गरिबीची. शाळेचं शिक्षण जवळजवळ नाहीच. सिनेमाच्या ओढीने ते मुंबईला आले. चित्रपटांना घोडे पुरवणाऱ्या एका व्यावसायिकाच्या तबेल्यात घोड्यांच्या नालांचं काम त्यांनी सुरुवातीला केलं, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. पुढे अर्देशीर इराणी यांच्या इंपिरियल फिल्म कंपनीत त्यांना पडद्यावर उभं राहायची संधी मिळाली. १९२७ च्या मूकपटात, अलीबाबाच्या गोष्टीत, ते चाळीस चोरांपैकी एक होते. म्हणजे एक्स्ट्रा.

एक्स्ट्रा म्हणजे काय, हे समजून घेतलं पाहिजे. चित्रपटाच्या बजेटात एक्स्ट्राचं नाव नसतं, फक्त संख्या असते. आज इतकी माणसं हवीत, इतका रोज, इतकं जेवण. काम संपलं, पॅकअप झालं की हिशेब संपला. आज या लोकांना ज्युनिअर आर्टिस्ट म्हणतात. नाव सुधारलं, पण वहीतली जागा फारशी बदलली नाही. मेहबूब खान चित्रपटाच्या धंद्यात आले ते या सर्वांत खालच्या ओळीतून.

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट आला. त्याच्या नायकाच्या भूमिकेसाठी मेहबूब यांचाही विचार झाला होता असं सांगतात, पण भूमिका गेली तेव्हाचे गाजलेले मास्टर विठ्ठल यांच्याकडे. मेहबूब मग सागर मूव्हीटोनमध्ये लहानसहान भूमिका करत राहिले. १९३५ मध्ये त्यांना दिग्दर्शनाची पहिली संधी मिळाली, चित्रपट होता ‘अल हिलाल’. त्याचं छायाचित्रण फरेदून इराणी यांनी केलं. हा माणूस पुढे आयुष्यभर मेहबूब खानांच्या सोबत राहिला.

एका घरातलं काम कसं वाटलं गेलं

दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला तेव्हा कामाचे असे रकाने नव्हते. फाळके स्वतःच लेखक, दिग्दर्शक, निर्माते होते. पैशासाठी त्यांनी विम्याची पॉलिसीसुद्धा गहाण टाकली. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मवरची प्रक्रिया करायच्या आणि युनिटचं जेवणही करायच्या. आज ज्या कामांसाठी प्रयोगशाळा आणि केटरर असतो, ती कामं एक गृहिणी करत होती, आणि तिच्या मेहनतीचा मोबदला म्हणून बजेटात रक्कम नव्हती.

नंतर स्टुडिओंचा काळ आला. आपल्या महाराष्ट्रात ‘प्रभात’, मुंबईत इंपिरियल, सागर. इथे नट, कॅमेरामन, सुतार, रंगारी, शिंपी, सगळे महिन्याच्या पगारावर असायचे. चित्रपट चालो की पडो, पगार ठरलेला. मेहबूब खान याच पद्धतीत वाढले. ‘औरत’ (१९४०) आणि ‘रोटी’ (१९४२) हे त्यांचे चित्रपट नॅशनल स्टुडिओजसाठी झाले.

दुसऱ्या महायुद्धात ही घडी विस्कटली. कच्च्या फिल्मची टंचाई झाली आणि १९४३ मध्ये सरकारने चित्रपटाच्या लांबीवर ११ हजार फुटांची मर्यादा घातली. बाजारात नवा पैसा आला, स्वतंत्र निर्माते उभे राहिले, आणि मोठे नट पगार सोडून एकेका चित्रपटाचे पैसे घेऊ लागले. ज्यांच्या नावावर तिकिटं खपत होती त्यांचा भाव वाढला. ज्यांचं नाव पडद्यावर येत नव्हतं त्यांचा महिन्याचा पगार गेला आणि रोजंदारी आली. स्वातंत्र्यानंतर सरकारने स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली. १९५१ मध्ये तिचा अहवाल आला. या धंद्यातल्या पैशाच्या अव्यवस्थेवर समितीने बोट ठेवलं आणि कर्जपुरवठ्यासाठी वेगळं महामंडळ सुचवलं. ते १९६० मध्ये स्थापन झालं.

याच उलथापालथीच्या काळात मेहबूब खानांनी स्वतःची ‘मेहबूब प्रॉडक्शन्स’ काढली. तिच्या बोधचिन्हात हातोडा आणि विळा होता. ते कम्युनिस्ट नव्हते, आणि चिन्हासोबत ऐकू येणारा उर्दू शेर तर नशिबाबद्दल बोलणारा होता. पण मजुराचं आणि शेतकऱ्याचं हत्यार या माणसाने आपल्या कंपनीची खूण म्हणून निवडलं, एवढं खरं. ‘अनमोल घडी’, ‘अंदाज’, ‘आन’ असे चित्रपट या कंपनीतून निघाले. १९५४ मध्ये वांद्र्याला मेहबूब स्टुडिओ उभा राहिला. चाळीस चोरांतला एक चोर स्टुडिओचा मालक झाला होता.

बजेटच्या कागदावरची रेघ

पुढचं समजायला चित्रपटाचं बजेट कसं वाचतात ते पाहू. आपल्या घरच्या लग्नाचा हिशेब डोळ्यांसमोर आणा. दागिने, मेहर, हॉलचं भाडं या गोष्टी आधी ठरतात. मग बावर्ची, मंडपवाला, लाइटवाला, वाढपी, गाड्या. पहिला खर्च बोलणी करून एकदाच ठरतो. दुसरा माणसांवर आणि दिवसांवर चालतो. पाहुणे वाढले, कार्यक्रम एक दिवस लांबला की हा दुसरा खर्च वाढत जातो. आणि पैसे कमी पडले की घासाघीस कोणाशी होते? सोनाराशी नाही, वाढप्याशी.

चित्रपटाचंही असंच आहे. बजेटच्या कागदावर एक रेघ असते. रेघेच्या वर कथेचे हक्क, लेखक, निर्माता, दिग्दर्शक आणि मुख्य कलाकार. यांची रक्कम शूटिंगआधीच करारात ठरते. रेघेखाली बाकीचं सगळं युनिट. कॅमेरामन आणि त्याचे सहायक, साउंड रेकॉर्डिस्ट, कला दिग्दर्शक आणि त्याच्या हाताखालचे सुतार-रंगारी, कपडेपट, मेकअप, लाइटमन, स्पॉटबॉय, ड्रायव्हर, ज्युनिअर आर्टिस्ट. यांतल्या बहुतेकांचा हिशेब रोजावर किंवा शिफ्टवर असतो. त्याच रेघेखाली लोकेशनचं भाडं, राहणं, जेवण, गाड्या, जनरेटर आणि पूर्वीच्या काळी कच्ची फिल्म. तिसरा भाग शूटिंगनंतरचा, म्हणजे संकलन, आवाजाची जुळणी आणि प्रिंट. शेवटी विमा, ऑफिसखर्च आणि अडीअडचणीसाठी साधारण दहा टक्के रक्कम बाजूला.

ही सगळी वही सांभाळतो प्रॉडक्शन मॅनेजर. शूटिंग लांबलं की वाढ होते रेघेखाली, आणि पैसे संपले की थकबाकीही बहुतेक वेळा रेघेखालीच राहते.

२५ लाखांचे ६० लाख

आता ‘मदर इंडिया’कडे येऊ. मेहबूब खानांना ‘औरत’ पुन्हा, रंगीत आणि मोठा करून काढायचा होता. त्यांनी नॅशनल स्टुडिओजकडून त्याचे हक्क ३५ हजार रुपयांना घेतले. वहीतली ही पहिली नोंद, रेघेच्या वरची. १९५२ च्या ऑक्टोबरमध्ये कच्ची फिल्म आयात करायची परवानगी मागितली. तेव्हा रंगीत फिल्म परदेशातून यायची आणि सरकारच्या होकाराशिवाय हात लावता येत नव्हता.

मग अडथळे सुरू झाले. कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईंनी १९२७ मध्ये याच नावाचं, भारताची बदनामी करणारं पुस्तक लिहिलं होतं. त्यामुळे १९५५ मध्ये सरकारी मंत्रालयांनी पटकथा तपासायला मागवली. ती पाठवून शंका दूर करावी लागली. बिरजूच्या भूमिकेसाठी हॉलिवूडमध्ये नाव कमावलेला आपला साबू दस्तगीर लॉस एंजेलिसहून मुंबईत आणला. त्याला हॉटेलात ठेवलं, कामाआधीच बांधून ठेवण्याचं मानधन सुरू केलं. शूटिंग लांबत गेलं, त्याचा कामाचा परवाना अडकला, आणि अखेर त्याला सोडावं लागलं. भूमिका सुनील दत्तना मिळाली. पडद्यावर साबूचा मागमूस नाही, पण हॉटेलचं बिल आणि मानधन खर्चात पडलंच. प्रेक्षकाला कधीच न दिसणारा असा खर्च प्रत्येक बजेटात असतो.

लहानपणीचा बिरजू मात्र मुंबईच्या झोपडपट्टीतल्या गरीब घरातून आला. साजिद खान त्याचं नाव, आणि या कामासाठी त्याला ७५० रुपये मिळाले. पुढे मेहबूब खानांनी त्याला दत्तक घेतलं. एकाच भूमिकेच्या दोन वयांसाठी वहीत किती वेगवेगळ्या नोंदी होऊ शकतात, ते यातून दिसतं.

नियोजित शूटिंग १९५५ मध्ये सुरू झालं तेव्हा बजेट २५ लाख रुपये होतं. काम संपेपर्यंत ते ६० लाखांवर गेलं, म्हणजे ३५ लाखांची वाढ. कारणं दोन सांगितली जातात. एक बाहेरगावचं शूटिंग आणि दुसरं कलाकार-कामगारांचे पगार.

बाहेरगावच्या शूटिंगने खर्च का फुगतो? वांद्र्याच्या स्टुडिओत आतली दृश्यं झाली, पण मेहबूब आणि फरेदून इराणी यांना खरी माती, खरं ऊन, खरं पाणी हवं होतं. १९५५ मध्ये उत्तर प्रदेशात मोठे पूर आले, तेव्हा पटकथा आणि नटसंच पक्का नसतानाही इराणी कॅमेरा घेऊन तिकडे गेले आणि पुराची दृश्यं घेऊन आले. पूर कोणाच्या वेळापत्रकाने येत नाही. युनिट गावात उतरलं की प्रत्येक माणसाचं राहणं, जेवण, प्रवास वहीवर चढतो. ढग आले आणि दिवसभर कॅमेरा बंद राहिला तरी रोज द्यावाच लागतो. नर्गिस, राजकुमार, सुनील दत्त नांगर धरायला, पेरायला, कापायला, कापूस वेचायला शिकले. त्यालाही दिवस लागतात.

सुरतजवळच्या उमरा गावात गवताच्या गंजी पेटवून आगीचं दृश्य घेतलं. आग हाताबाहेर गेली, नर्गिस आत सापडल्या, आणि सुनील दत्त यांनी त्यांना बाहेर काढताना स्वतः भाजून घेतलं. ही गोष्ट त्यांच्या लग्नाच्या संदर्भात सगळीकडे सांगतात. हिशेबाच्या बाजूने तिचा अर्थ असा की सुरक्षेचा आणि अडीअडचणीचा रकाना रिकामा ठेवून चालत नाही.

वहीतली माणसं

या चित्रपटाच्या श्रेयनामावलीतली रेघेखालची नावं सहसा कोणी वाचत नाही. छायाचित्रण फरेदून इराणी, पारशी. कला दिग्दर्शन व्ही. एच. पळणीटकर, मराठी. ध्वनी आर. कौशिक. संकलन शमसुद्दीन कादरी. नृत्यं चिमण सेठ. कपडे फजलदीन. संवाद लिहिणारे वजाहत मिर्झा आणि अली रझा. पुढे या चित्रपटाला फिल्मफेअरचे जे पाच पुरस्कार मिळाले, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक आणि अभिनेत्री यांच्यासोबत इराणींचं छायाचित्रण आणि कौशिक यांचा ध्वनीही होता. म्हणजे पाचातले दोन पुरस्कार रेघेखालच्या माणसांना.

गाण्यांतल्या समूहनृत्यांसाठी मुंबईचे नेहमीचे कलाकार न नेता, शूटिंग ज्या गावात होतं तिथलेच नाचणारे गट घेतले. यात दोन्ही बाजूंचा फायदा दिसतो. मुंबईहून माणसं न्यायचा प्रवासखर्च वाचतो, आणि गावातल्या माणसाला काम मिळतं.

आणि मग त्या ३०० बैलगाड्या. निर्मात्याला हवं असतं तर प्रेम, आदर, सिनेमात दिसण्याची हौस, या सगळ्यावर काम भागलं असतं. गावात युनिट उतरलं की लोक बघायला धावतातच. पण ज्याने स्वतः रोजावर उभं राहून दिवस काढले होते, त्याच्या कंपनीच्या वहीत गावकऱ्यांच्या पैशांची नोंद झाली. बजेट दुपटीहून जास्त फुगलं असतानाही. मजुराची मजुरी घाम वाळण्याआधी द्यावी ही शिकवण आपल्या घरात मुलांना लहानपणापासून मिळते. या वहीत ती रुपये-आण्यांत लिहिलेली दिसते.

लोककथेने मात्र ती नोंद पुसून टाकली. मालकाचा मोठेपणा सांगताना आपण नकळत मजुराची मजुरी गाळून टाकतो. फुकट दिलं म्हणण्यात गावाचं प्रेम दिसतं हे खरं, पण त्याने त्यांच्या बैलांचा, वेळेचा, बुडालेल्या शेताचा हिशेबच नाहीसा होतो.

‘मदर इंडिया’ २५ ऑक्टोबर १९५७ रोजी प्रदर्शित झाला आणि मुंबईच्या लिबर्टी थिएटरात वर्षाहून जास्त चालला. ऑस्करच्या परदेशी भाषेतल्या चित्रपटांच्या अंतिम नामांकनात पोहोचलेला तो पहिला भारतीय चित्रपट. पुढचा ‘सन ऑफ इंडिया’ (१९६२) मात्र चालला नाही. १९६३ मध्ये मेहबूब खानांना पद्मश्री मिळाली. २७ मे १९६४ ला पंडित नेहरूंचं निधन झालं आणि दुसऱ्याच दिवशी, २८ मे रोजी, मेहबूब खान हे जग सोडून गेले. मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात ते दफन आहेत.

आपल्या मुलांसाठी

आपल्या छत्रपती संभाजीनगरात अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सव भरतो, दौलताबाद-वेरूळच्या परिसरात शूटिंगची युनिटं येतात. मोबाइलवर व्हिडिओ करणारी मुलं तर प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. आम्ही वर्गात विचारतो की सिनेमात काय व्हायचंय, तर उत्तर येतं हिरो, नाहीतर डायरेक्टर. मग आम्ही त्यांना श्रेयनामावली वाचायला लावतो. आपल्या शहरात हिमरू विणणारे हात आहेत, शिवणकाम, सुतारकाम, इलेक्ट्रिकचं काम येणारी मुलं आहेत, हिशेब पक्का असलेल्या मुली आहेत. या प्रत्येकाला बजेटात रकाना आहे. कपडेपट, कला विभाग, लाइट, साउंड, प्रॉडक्शन अकाउंट्स, ही कामं शिकून घेता येतात आणि त्यावर घर चालतं.

पण जाताना एक गोष्ट पक्की हवी. सुरुवातीला पैसे नाहीत, पण नाव होईल, ओळखी होतील, असं सांगून कामाला लावणारे कमी नाहीत. १९८१ च्या सिने कामगार कायद्याने लेखी कराराशिवाय काम देण्याला मनाई केली होती, आणि नव्या कामगार संहितेतही दृक्-श्राव्य कामगारांसाठी लेखी कराराची तरतूद आहे. म्हणून मुलगा किंवा मुलगी कामाला निघाली की आई-वडिलांनी एवढं विचारावं. काम कोणतं? शिफ्ट किती तासांची? रोज किती? जेवण आणि येण्या-जाण्याचा खर्च कोणाकडे? पैसे कोणत्या तारखेला? आणि हे सगळं कागदावर आहे का? विचारण्यात कमीपणा नाही. बिलीमोऱ्याहून आलेल्या त्या माणसाच्या वहीतसुद्धा बैलगाडीवाल्याच्या पैशांची नोंद होती.